बाराव्या गावाची पंधरा नावं

ठाण्याच्या व्हरांड्यात भिंतीवर एक पाटी टांगलेली होती. मंजूर इतके, हजर इतके. मंजूरचा आकडा पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेला, कारण तो कधी बदलत नसे. हजरचा खडूनं लिहिलेला, कारण तो रोज बदले, आणि बदले म्हणजे कमीच होई. एकाला मलेरिया, दुसरा साक्षीला कोर्टात, तिसरा सुटीवर गेला तो गेलाच. रोज सकाळी ओल्या फडक्यानं तो आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा, हे काम माझं. मी त्या ठाण्याचा हेड मोहरर, म्हणजे लिखापढीचा हवालदार. डायरी मी लिहायची, ड्यूट्या मी लावायच्या, आणि ड्यूटीला माणूस नसला की शिव्याही मीच खायच्या.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. चंद्रपूर जिल्हा फोडून गडचिरोली वेगळा केला, तशी आम्हा पोलिसांचीही वाटणी झाली. माझं घर ब्रह्मपुरीजवळच्या खेड्यातलं, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या. बाप दुसऱ्यांच्या बांधीत राबला आणि मला दहावीपर्यंत शिकवलं. माझ्या अंगावर वर्दी चढली त्या दिवशी तो विहारात जाऊन नुसता बसून राहिला होता, कोणाशी बोलला नाही. त्याच वर्दीनं मला नेऊन टाकलं कुठं, तर एटापल्लीच्याही पलीकडे. पावसाळ्यात नाले भरले की तिथून ब्रह्मपुरी काय आणि अमेरिका काय, सारखंच.

मुदत दोन वर्षांची. मला चौथं लागलं होतं. नियम असा, की माझ्या जागी दुसरा माणूस हजर झाल्याशिवाय मला सोडायचं नाही. माझ्या जागेचे हुकूम तीनदा निघाले. पहिल्याची कंबर धरली. दुसऱ्याच्या बायकोचं ऑपरेशन निघालं. तिसरा मात्र एटापल्लीपर्यंत आला, स्टँडवर चहा प्याला, पुढं रस्ता कसा आहे ते विचारलं आणि त्याच गाडीनं परत गेला. आता बोला! मी त्याच्यासाठी खोली झाडून ठेवली होती.

चौथ्या वर्षी मला एका जागी बसवेना. पायाला भिंगरी लागली जशी. डायरी लिहिता लिहिता उठायचो, व्हरांड्यात येरझारा घालायचो, वायरलेसच्या खोलीत डोकावून "काही आलं का बे?" विचारायचो. ऑपरेटर मान हलवायचा. मग बिडी पेटवायची, अर्धी फेकायची. त्याला कारण होतं. दिवाळीला घरी गेलो होतो तेव्हा धाकटी पोरगी, पाच वर्षांची, दाराआडून माझ्याकडे पाहत राहिली. जवळ येईना. दुसऱ्या दिवशी आईच्या पदराला धरून तिनं विचारलं, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "आई, हे पाव्हणे कवा जाणार?" बायको हसली. मीही हसलो. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. एकच ध्यास: पोरगी मला कायमचा पाहुणा समजायच्या आत घरी पोचलं पाहिजे.

आमचे ठाणेदार साहेब पुण्याकडचे. वयानं माझ्यापेक्षा लहान, शुद्ध बोलणारे. त्यांनाही तिथून सुटायचंच होतं. पण साहेब लोकांची तगमग निराळी, ती मुळातच इस्त्री केलेली असते. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावलं आणि एक परिपत्रक पुढं सरकवलं. गावोगाव ग्राम सुरक्षा दल उभं करायचं. प्रत्येक गावातून पंधरा धडधाकट माणसं, त्यांना लाठी, शिट्टी आणि दंडावर बांधायची पट्टी. अनोळखी माणूस दिसला, आग लागली, चोरी झाली, तर ठाण्याला कळवायचं. थोडक्यात, पोलीस कमी पडतात म्हणून गावानंच अर्धा पोलीस व्हायचं.

"हवालदार, आपल्या हद्दीत बारा गावं घ्यायची आहेत," साहेब म्हणाले. "जानेवारीत मोठे साहेब पाहणीला येतील. बाराच्या बारा दलं उभी करा. बदलीचा माणूस येवो न येवो, मी तुम्हाला कार्यमुक्त करतो. माझा शब्द."

माझी अवस्था काय सांगू! मी त्या कागदाकडे असा पाहत होतो, जसं ब्रह्मपुरीच्या गाडीच्या पाटीकडे पाहावं. बारा गावं? मी बावीस उभी केली असती.

सोबतीला घेतला आमचा जुना शिपाई. वयानं माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा, त्याच जंगलातला, माडिया बोलणारा. ठाण्यात ती बोली येणारा तो एकटाच. साहेबांना वाटे तो मंद आहे. मंद कसला! तो बोलायच्या आधी विचार करायचा, एवढंच. आमच्या खात्यात ती सवय कोणाला नाही.

सायकली जातील तिथवर सायकली आणि पुढं पायी, असं आम्ही फिरलो. धान कापणी आटोपली होती, लोक घरी सापडत होते. अकरा गावं महिन्याभरात झाली. कुठं पोलीस पाटलानं यादी तयारच ठेवली होती. कुठं लाठ्यांसाठी भांडणं झाली, कारण लाठी चांगली बांबूची होती. एका गावात तर शिट्ट्यांवर लोक इतके खूश, की रोज संध्याकाळी त्या फुंकून बांधीतली रानडुकरं हाकलायला लागले. मला त्याचं काय? माझं काम नावांशी. पंधरा नावं, बापाच्या नावासकट, वय, अंगठा. झालं दल! दल खरंच काही करेल का, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मला घरी जायचं होतं.

राहिलं बारावं गाव. ठाण्यापासून तीन तासांची पायवाट, मधे दोन नाले, वीस-बावीस घरं. आम्ही पोचलो तशी नेहमीसारखी झाडाखाली एक खाट टाकली गेली. पोलीस आला की खाट टाकायची आणि आपण लांब जमिनीवर बसायचं, ही तिथली रीत. गावाचा गायता, म्हणजे गावाची पूजा-अर्चा आणि गावाचे निर्णय पाहणारा वडीलधारा, काटकुळा म्हातारा होता. त्याच्या मागे सगळे पुरुष बसले. मी खाटेवरून माझं अकरा वेळा केलेलं भाषण बाराव्यांदा केलं आणि शेवटी म्हटलं, "तर या गावाची राखण करणाऱ्या पंधरा माणसांची नावं द्या."

शिपायानं माडियात सांगितलं. मग त्यांचं आपापसांत बोलणं सुरू झालं. तिथं कोणी मधे तोडत नाही, हात वर करत नाही. एकेक जण बोलतो, बाकीचे ऐकतात, आणि सगळ्यांचं एक होईपर्यंत उठत नाहीत. माझा जीव टांगणीला. मी उठलो, बसलो, नाल्यापर्यंत जाऊन आलो. दोन तास गेले. शेवटी गायता सरळ बसला आणि शांतपणे एकेक नाव सांगू लागला. बापाचं नाव, कूळ, सगळं व्यवस्थित. बाकीचे मान डोलावत होते. एका नावाला मागं उभ्या असलेल्या म्हातारीनं डोळे पुसले. चुलीचा धूर लागला असेल, असं मला वाटलं. अंगठ्यांचं विचारलं तर शिपाई म्हणाला, "ते मंग पाहू जी." मीही ताणून धरलं नाही. पंधरा नावं झाली होती! माझं मन तर ब्रह्मपुरीच्या स्टँडवर उतरलंसुद्धा होतं.

परतीच्या वाटेवर मी बडबडत होतो आणि शिपाई मागून चालत होता. पहिला नाला ओलांडल्यावर तो थांबला.

"मोहरर सायेब, एक सांगू का जी?"

"सांग ना."

"तिसरं नाव माह्या बापाचं हाये. आमी याच गावचे जी."

"मग? म्हातारा आहे म्हणतोस? असू दे, वय कमी लिहून टाकू."

"मेला नं जी तो. मी पाळण्यात होतो तवा."

मी वही उघडली. तो एकेका नावावर बोट ठेवत गेला. हा वाघानं नेला. हा तापानं गेला. हे दोघं भाऊ, देवीच्या साथीत एकाच दिवशी. पंधराच्या पंधरा मेलेले. गावाच्या शिवेवर जे उंच दगड उभे असतात, मेलेल्या माणसाच्या नावानं एकेक उभा केलेला, ती सगळी नावं माझ्या वहीत होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. "अबे, मग तिथंच काऊन नाई बोलला? मले बयताड बनवून राह्यला का?"

"तुमी पुसलं, राखण कोण करते मनून," तो म्हणाला. "आमच्यात तेच करतेत. गावानं खोटं नाई सांगतलं. आन् जित्या माणसाचं नाव गाव देत नाई जी. तुमाले नाई, कोनाले नाई."

मी वाटेत बसलो. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. पहिला विचार हाच आला, की तीच यादी पाठवून द्यावी, कोण बघतंय! आपल्याकडे मेलेली माणसं मतदान करतात, राखणही करतील. पण मोठे साहेब येऊन एकेकाचं नाव पुकारणार होते, आणि हजेरी द्यायला दगड काही चालत येणार नव्हते. पाहणीला आठ दिवस उरलेले.

दुसऱ्याच दिवशी मी परत गेलो. शिपायाला ड्यूटीवरून काढून नेला, पाटीवरचा आकडा आणखी एकानं उतरला. खाट टाकली गेली, पण मी बसलोच नाही. उभ्या उभ्या सुनावलं. सरकारशी थट्टा करता का, तुमच्याच भल्यासाठी करून राह्यलो, उद्या गावात काही झालं तर कोणाकडे येणार, वगैरे वगैरे. पोलिसाच्या तोंडात जे नेहमी असतं ते सगळं ओकून टाकलं. गायत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो बोलला, आणि शिपाई वाक्यावाक्यानं सांगत गेला.

"बुढा मन्ते, आमी एकडाव नावं देल्ली होती. काही वर्साआधी जंगल खात्याचा एक माणूस आला. रोपं लावाचं काम हाये मने, नावं लिहून द्या. आमी देल्ली. तो माणूस चांगला होता. त्याची बदली झाली. त्याच्या जागी दुसरा आला, त्यानं कागद पाह्यला. झाडं तोडली मनून त्याच नावायवर केस केली. आमी चंद्रपूरच्या कोर्टात किती डाव गेलो, पायी आन् गाडीनं. तिथी आमी सांगतलं, जुन्या सायबाले पुसा. ते मन्ले, तो नाई इथी. कागद हाये."

गायता पुढं बोलत होता. आवाज चढवत नव्हता, त्याचाच मला जास्त त्रास होत होता.

"बुढा मन्ते, रातच्याले बंदुका घेऊन आतले लोक येतेत. पोलिसाले नाव कोनं देल्लं मनून पुसतेत. त्याइले आमी सांगू शकतो, की हे पोलीस आमच्या वळखीचे हायेत, कागदात का लिवलं ते आमाले ठावं हाये. पन तुमी गेल्यावर? तुमच्या जागी येईन तो कसा हाये, त्या कागदाचं का करन, आमाले का माईत?"

आतले लोक म्हणजे नक्षलवादी. म्हातारा खरं बोलत होता. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांचे कागद सांभाळत होतो. माझ्या आधीच्या मोहररनं का कोण जाणे, काही नावांपुढं लाल शाईची फुली मारून ठेवली होती. तो कधीच निघून गेला होता. त्या फुल्या पाहून त्या माणसांना मी ठाण्यात बोलावत असे. का बोलावतो, हे मला तरी कुठं माहीत होतं?

मग गायता थोडा पुढं सरकला आणि पहिल्यांदाच मोडक्यातोडक्या मराठीत थेट माझ्याशी बोलला.

"तू राह्यतं का इथी? तू रायशील तं आमी नावं देतो. पयलं तुहं नाव टाक."

पाहा माझी गंमत! नावं मिळाली तर मी सुटणार होतो. आणि मी सुटणार नसेन, तरच नावं मिळणार होती. सगळे पुरुष माझ्याकडे पाहत होते. शिपाई जमिनीकडे पाहत होता. मला दाराआडची पोरगी दिसत होती.

आमच्या घरात शपथा-बिपथा बापानंच बंद केल्या होत्या. पण लहानपणापासून विहारात पंचशील म्हणत आलेला मी माणूस. खोटं बोलणार नाही, हे चौथं शील. त्या वेळी ते आठवलं नाही, असं मी म्हणू शकतो, कोण तपासायला येणार आहे? पण आठवलं. चांगलं आठवलं.

मी म्हणालो, "राहतो."

शिपायानं वर पाहिलं. मला वाटलं तो काही बोलेल. त्यानं नुसतं ते माडियात सांगितलं.

ह्या वेळी बैठक लांबली नाही. कोणीतरी खाट उचलून घरात नेली. मला काही कळेना. गायत्यानं हाताला धरून मला खाली, पुरुषांच्या ओळीत बसवलं, आपल्या शेजारी. जेवायची वेळ होती. पानावर भात आला, त्यावर कसलीशी आंबट भाजी. चार वर्षांत पहिल्यांदा त्या मुलखात मी कोणाच्या ओळीत बसून जेवलो. एरवी आम्ही खाटेवर खायचो आणि ते लांब बसून बघायचे. भात गरम होता. पान टाकून उठता येईना, म्हणून सगळा खाल्ला.

मग मी वही घेतली. एक यादी गावासाठी, एक ठाण्यासाठी. गावाच्या यादीत पहिलं नाव माझं, खाली पंधरा त्यांची. जिवंत माणसं, एकेक पुढं येऊन दोन्ही कागदांवर अंगठा देत होती, आणि अंगठा दिल्यावर माझ्याकडे पाहून हसत होती. ठाण्याच्या यादीत मी फक्त पंधराच लिहिली. अंगठ्यांपुढची ती नावं मी ठाण्यात येऊन लिहिली, टेबलावर, कंदील पुसून, अक्षर चांगलं काढून.

पाहणीचा दिवस आला. ठाण्यापुढच्या मैदानात बारा गावांची माणसं ओळीनं उभी. दंडावर पट्ट्या, हातात लाठ्या. मोठे साहेब जीपमधून उतरले, आमचे साहेब त्यांच्यामागं धावत होते, मी याद्या घेऊन आमच्या साहेबांमागं. अकरा गावं पुकारून झाली. मग बारावं. मी नावं वाचायला लागलो. एकेक जण "हाजिर" म्हणत होता. गायता ओळीच्या टोकाला उभा होता, तो दलात नव्हता, पण एवढ्या लांब चालत आला होता. पंधरावं नाव झालं. मी वही मिटली.

गायता काहीतरी बोलला. हळू नाही, चांगलं मोठ्यानं.

मोठे साहेब थांबले. "काय म्हणतोय तो?"

मला माडिया येत नव्हती, तरी मला ते शब्दन् शब्द कळलं. एक नाव राहिलं, पहिलं. शिपाई माझ्या शेजारी सावधानमध्ये उभा होता. त्याच्या एका वाक्यावर माझं घर होतं.

"काई नाई साहेब," शिपाई म्हणाला. "सगळे हजर हायेत मन्ते."

"व्हेरी गुड," मोठे साहेब म्हणाले आणि पुढं गेले. गायता शिपायाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. मी याद्या नीट लावायच्या कामात होतो.

आठ दिवसांत वायरलेसवर माझा हुकूम आला. साहेबांनी शब्द पाळला. ते शब्द पाळणारे होते, हे मला कबूल केलं पाहिजे. ट्रंक भरायला मला अर्धा तास लागला. चार वर्षांचं सामान, अर्धा तास! बाराव्या गावाला जाऊन यायला एक दिवस लागला असता. तो दिवस माझ्याकडे होता. मी तो पाटी धुण्यात घालवला. हजरचा आकडा स्वतःला वजा करून लिहिला आणि झोपलो, पण झोप कसली?

सकाळी गाडीच्या टपावर शिपायानं माझी ट्रंक चढवली, दोरीनं बांधली, खाली उतरला. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात. शिपायानं खिडकीच्या गजाला हात लावला.

"गावाले का सांगू जी?"

मला त्याचा राग आला. आता ही काय विचारायची वेळ आहे? मी म्हणालो, "सांग, सुटीवर गेलो म्हणून."

त्यानं हात काढून घेतला. गाडी निघाली.

ब्रह्मपुरीला आलो. ठाणं घरापासून सायकलनं दहा मिनिटं. पहिल्या महिन्यात पोरगी दाराआडून बाहेर आली, दुसऱ्यात माझ्या ताटातलं उचलून खायला लागली, आणि एका दुपारी मी बाहेर निघालो तर "बाबा, मी येतो" म्हणून मागं धावत आली. जे मिळवायचं होतं ते मला पुरेपूर मिळालं, हे मी लपवणार नाही. पुन्हा ती वेळ आली असती तर मी काय केलं असतं, हेही मी छातीठोक सांगू शकत नाही. फक्त बसवत नव्हतं. नव्या ठाण्यात माणसं पूर्ण होती, काम कमी होतं, तरी मी उठून दारापर्यंत जाऊन यायचो. बायको म्हणायची, "आता तं घरी आले ना जी, आता काऊन फिरून राह्यले?" तिला मी त्या गावाचं सांगितलं नव्हतं.

दीड-दोन वर्षांनी शिपाई आला. त्याच्या पोरीला ब्रह्मपुरीच्या कॉलेजात घालायचं होतं, पत्ता विचारत विचारत माझ्या दारात उभा. मला आनंद झाला. जेवण झालं, ठाण्यातल्या लोकांच्या गोष्टी झाल्या. कोण कुठं गेला, कोणाचं लग्न झालं. मी त्या गावाचं विचारत नव्हतो आणि तो सांगत नव्हता. शेवटी मीच विचारलं.

माझ्या जागी आलेला माणूस वाईट नव्हता, तो म्हणाला. कामाचा होता. त्यानं कपाटातल्या याद्या काढल्या, पाहिल्या. पोलीस कमी, जंगल अनोळखी, आणि इथं तर पंधरा नावं अंगठ्यासकट तयार. मग गस्त निघाली की बाराव्या गावातली दोन माणसं पुढं चालायला, वाट दाखवायला. दर वेळी दोन. आतल्या लोकांनी ते पाहिलंच. एका रात्री ते गावात आले. जीव कोणाचा घेतला नाही, पण दोघांना इतकं मारलं, की एकाचा हात पुन्हा सरळ झाला नाही. पाच घरं उठून नदीपलीकडं निघून गेली. राहिलेल्या माणसांना ठाणं बोलावतं, ते रानात जाऊन बसतात. आता ठाण्यात त्या नावांपुढं लाल शाईची फुली आहे.

"अन् गायता?" मी विचारलं. "मले शिव्या देत असन."

"नाई जी," तो म्हणाला. "तुमाले कोनी काई बोललं तं तो बोलू देत नाई. मन्ते, पयलं नाव त्याचं हाये, तो सुटीवर हाये. तो आला का ठाण्यात कागद वाचून सांगन, हे लोक कोन हायेत ते."

त्या म्हाताऱ्याच्या तोंडाला मी पानं पुसली होती आणि तो मला सांभाळत बसला होता. कोणी चारचौघांत माझ्या कानाखाली मारली असती तर मला बरं वाटलं असतं. मी शिपायाला म्हणालो, "तू तरी खरं सांगायचं ना." तो म्हणाला, "मी सांगणार नाई जी. तुमी सांगजा."

निघायची वेळ झाली. पोरीला हॉस्टेलात सोडून झालं होतं, आता त्याला संध्याकाळची गाडी धरायची होती. दारात चपला शोधताना तो वळला.

"मी येऊन राह्यलो मनून बुढ्याले समजलं होतं. त्यानं पुसाले सांगतलं, सायबाची सुटी कवा संपते?"

खरं बोलायला मला एक वाक्य पुरलं असतं. तो वाट पाहत उभा होता, त्याला घाई नव्हती.

"सांग," मी म्हणालो, "वाढवून घेतली."

तो "हो जी" म्हणाला आणि पायात चपला घातल्या.